तालुक्याच्या गावाचा इतिहास कसा जमवायचा (बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर धरून सांगतोय)

गावाचा इतिहास लिहायचा म्हटलं की सगळे आधी राजा शोधायला बाहेर पडतात. खानापूरचं लिहायला बसलेले लोक पण तेच करतात, कदंब राजांपासून सुरुवात, मग भीमगड, मग कित्तूरची राणी, मग इंग्रजांशी लढलेला रायण्णा, आणि शेवटचं पान आलं तरी खुद्द खानापूर कुठं आलेलंच नसतंय. कारण खानापूर हे राजधानीचं गाव नव्हेच. कदंबांची दुसरी राजधानी हलशीला, किल्ला भीमगडला, संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ती नंदगडला, मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला. खानापूरला लोक आले ते कामाला. कचेरीत उतारा काढायला, कोर्टाच्या तारखेला, स्टेशनवर, बाजाराला, दवाखान्यात, शिकायला. म्हणून मला अगदी मनापासून वाटतं की अशा गावाचा इतिहास तिथं राहणाऱ्यांचा जितका तितकाच तिथं ये-जा करणाऱ्यांचा, आणि तो जमवायचा तर अर्धं काम गावात आणि अर्धं काम भोवतालच्या खेड्यांत करावं लागतंय.

तर पहिलं काम, आपलं गाव तालुक्याचं ठिकाण कशामुळं झालं ते शोधून काढा. हा प्रश्न साधा वाटतो पण सगळी गाठ इथंच आहे. जुन्या इंग्रजी सरकारी कागदांत हा तालुका बिडी या गावाच्या नावानं येतो, म्हणजे ठाणं आधी तिकडं होतं. १८३० च्या सुरुवातीला रायण्णाच्या लोकांनी सरकारी कचेरी जाळली ती बिडीची, यावरनं त्या काळात सरकार म्हणजे कुठलं गाव हे कळतंय. पुढं खानापूर तालुक्याचं नाव झालं. बेळगावहून गोव्याकडं जायचा रस्ता, मलप्रभेचा काठ, आणि १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन बेळगावहून लोंढ्याकडं गेली ती खानापूरवरून. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदरापर्यंत गाडी. हे सगळं एका कागदावर नकाशा काढून मांडा, हातानंच काढा, चांगला यायला पाहिजे असं काही नाही. नदी, रस्ता, रूळ, कचेरी, बाजार, जांबोटी क्रॉस. मग कुठली पेठ कुठल्या दिशेला वाढली आणि का वाढली ते आपोआप दिसायला लागतंय.

कागदपत्रात सगळ्यात आधी काय बघायचं म्हणाल तर १८८४ सालचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर, खंड २१, बेळगावचा. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतंय. त्यात शेवटी गावांवर वेगळं प्रकरण आहे, आधी व्यापार, रस्ते, जमीनमोजणी वगैरे. वाचताना एक ध्यानात ठेवा, ते साहेबांनी राज्य चालवायला लिहिलेलं पुस्तक आहे. जातीजमातींबद्दल त्यात जे काय लिहिलंय ते तसंच्या तसं उचलून आपल्या पुस्तकात घालू नका, लोकांना लागतंय आणि ते लागणं बरोबरच आहे. आकडे, रस्ते, बाजार, पीक एवढं घ्या. त्यानंतरचं कर्नाटक सरकारचं बेळगाव गॅझेटियर १९८७ चं, ते पण बघा, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की शंभर वर्षांत काय बदललं ते दिसतंय.

ऑनलाइन शोधताना नुसतं खानापूर टाकलं तर निम्मे रिझल्ट सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे येतात, विटा आणि तिकडचं सगळं. त्यामुळं बेळगाव, लोंढा, नंदगड यातलं एक नाव जोडीला टाकायचंच. बिडी, हलसी, हलशी, हलशीचं जुनं नाव पलाशिका असं पण शोधा. हलशीला सापडलेले कदंबांचे ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात वाचून छापले, ते पलाशिका या नावानं शोधलं तर सापडतात.

मग जनगणनेची जिल्हा पुस्तकं. ही लोक बघतच नाहीत आणि मला तर सगळ्यात जास्त आवडतात. १९५१ चं मुंबई राज्यानं काढलेलं, १९६१ चं म्हैसूर राज्यानं, आणि १९७३ नंतरची कर्नाटकाची. एकच गाव तीन सरकारांच्या पुस्तकात. लोकसंख्या, कोण काय काम करतंय, शाळा, पोस्ट, पाणी, गावाप्रमाणं माहिती असतीय. आपल्या तालुक्यातली दहा-बारा गावं निवडा आणि दर जनगणनेला काय झालं ते वहीत आडवं लिहून काढा. एखाद्या गावाची माणसं अचानक कमी झालेली दिसली तर तिथं जाऊन विचारायचं, बहुतेक वेळा मुंबई, पुणे, गोवा असं उत्तर येतंय आणि त्यातूनच पुढची गोष्ट सुरू होते.

सीमाभागात आणखी एक कागद सोडून चालत नाही, तो म्हणजे महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यावर इतकं भांडण झालं की १९६६ ला आयोग नेमावा लागला. अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडंच ठेवलं पण २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं होतं, त्यात निपाणी, नंदगड आणि खानापूर आहेत. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. अहवाल आवडो न आवडो, कुठलं गाव कुठल्या बाजूला जावं यावर तेव्हा काय काय मुद्दे मांडले गेले ते एका जागी वाचायला मिळतंय, त्यामुळं वाचायचाच.

आता माणसं. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कागद कुठं पळून जात नाहीत, माणसं जातात. १९५६ ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या घरात आहे.

कुणाकडं जायचं? पहिल्यांदा कुणीही पुढारी, माजी चेअरमन, निवृत्त हेडमास्तर यांच्याकडं पाठवतंय. जा, चहा घ्या, ऐका, पण तिथंच थांबू नका. बाजारात चाळीस वर्षं भाजी घेऊन बसलेली मावशी, स्टेशनवरचे हमाल, कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे अर्ज लिहिणारे, जुने एसटी कंडक्टर, फोटो स्टुडिओवाले, सुईण, शिंपी, कौलांच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेली माणसं. खेड्यांतल्या लोकांना तर विचारायलाच पाहिजे. भीमगडच्या जंगलाकडची गवाळी, पास्तोळी, कोंगळा, आमगाव असली गावं, जिथं पावसाळ्यात पेशंटला खांद्यावर घालून आणायची वेळ येतीय, त्यांच्यासाठी खानापूर म्हणजे दवाखाना. जांबोटी-कणकुंबीच्या माणसाचं खानापूर वेगळं, पारिश्वाड-इटगीच्या माणसाचं वेगळं. घाटाकडनं येणारा मराठी बोलत येतोय, पूर्वेकडनं येणारा कन्नड, आणि बाजारात दोघं एकमेकाला भाव सांगताना दोन्ही भाषा वापरतात. हे सगळं तालुक्याच्या गावाच्या इतिहासात यायला पाहिजे.

प्रश्न कसा विचारायचा हे फार महत्त्वाचं आहे. "तुमच्या लहानपणी खानापूर कसं होतं" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "लई चांगलं होतं बघा, आता काय राहिलंय". पुढं गाडी जातच नाही. त्यापेक्षा वस्तूचं विचारा, पायाचं विचारा. "काकी, बाजाराला कुठल्या वाटेनं येत होतासा? चालत का गाडीनं? येताना डोक्यावर काय असायचं, जाताना काय न्यायचासा? मीठ कुणाच्या दुकानातनं? दुपारी जेवायला कुठं बसत होतासा? पाणी कोण देत होतं?" हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. कुठल्या हॉटेलात कुणाला बाहेर बसवायचे, कुठल्या विहिरीवर कुणाला येऊ द्यायचे नाहीत हे त्यातनं बाहेर येतंय आणि ते गावाच्या इतिहासात असायलाच पाहिजे, गावाचं नाव खराब होतंय म्हणून गाळायचं नाही. फक्त आज हयात असलेल्या कुणाचं नाव घेऊन छापू नका.

साल विचारू नका, विशेषतः म्हाताऱ्या बायकांना. कुणालाच आठवत नाही आणि आठवत नाही म्हणून उगच अवघडल्यासारखं होतंय. खुणा विचारा. आपल्याकडं त्यासाठी लक्ष्मीची यात्रा आहे. ती दरवर्षी नसतीय, काही गावांत दहा-बारा वर्षांनी, काही ठिकाणी त्याहून जास्त वर्षांनी भरतीय, त्यामुळं "हे आधीच्या यात्रेच्या आधी का नंतर? मोठा मुलगा तेव्हा झाला होता का?" एवढं विचारलं की काळ बऱ्यापैकी पक्का होतोय. तेवढ्यासाठी आधी प्रत्येक गावच्या पंच कमिटीकडनं यात्रेची सालं लिहून घेऊन ठेवा. बाकी खुणा म्हणजे राज्य बदललं ते १९५६, गोवा सुटला तो डिसेंबर १९६१, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, मीटरगेजची ब्रॉडगेज झाली ती १९९० च्या दशकात, आणि २०१९ च्या ऑगस्टचा पूर. गोव्याचं मुद्दाम विचारा. १९६१ पर्यंत कॅसलरॉकच्या पलीकडं पोर्तुगीजांचं राज्य होतं, रेल्वेवर काम केलेल्या घरांत त्याच्या गोष्टी असतात.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. फ्लाइट मोडवर टाका नाहीतर मधेच कॉल येऊन सगळं तुटतंय, पंखा बंद करायला सांगा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ पण हातात नको. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि "रेकॉर्ड करतोय, चालंल न्हवं?" हे आवाजात येऊ द्या, म्हणजे परवानगी पण फाइलमध्येच राहतीय. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या, गाव-माणूस-तारीख अशा क्रमानं, आणि दुसऱ्या एका जागी कॉपी ठेवा. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं की फोनमध्ये पन्नास फाइली होतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. ऐकून उतरवताना त्यांची भाषा पुस्तकी करू नका. "येत होतासा" ला "येत होतात" केलं की माणूसच बदलतो. बेळगावकडची मराठी कन्नडाच्या शेजारी वाढलेली आहे, तिचा तो हेल आणि ते शब्द कागदावर यायला पाहिजेत, आपली पोरं आता टीव्हीची मराठी बोलायला लागलीत.

घरातले फोटो आणि कागद मागून घरी आणू नका. कितीही ओळख असली तरी नाही. तिथंच खिडकीजवळ उजेडात ठेवून, फ्लॅश न मारता फोटो काढा, मागची बाजू पण, मागं स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असतीय. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोत बारीक अक्षर मरतंय. काय मागायचं? लग्नपत्रिका, रेशनकार्ड, दुकानाच्या वह्या, गणेश मंडळाचा जमाखर्च, नाटकाची हँडबिलं, भजनी मंडळाची वही, शाळेचा ग्रुप फोटो. गणेश मंडळाच्या वह्या तर फारच कामाच्या, वर्गणी कुणी किती दिली यावरनं त्या साली पेठेत कुठलं दुकान चालत होतं ते कळतंय. मोडी कागद निघाला तर ओढूनताणून वाचायला जाऊ नका, स्वच्छ फोटो काढून मोडी येणाऱ्याला दाखवा. बरीचशी कागदं सारा, वाटणी, कर्ज यांचीच निघतात, घरातल्यांना वाटतं खजिन्याचा नकाशा आहे, त्यांना समजावून सांगावं लागतंय.

शाळेचं जनरल रजिस्टर हा पण खजिनाच आहे. कुठल्या सालापासून कुठल्या खेड्यातली पोरं शिकायला यायला लागली, मुली कधीपासून, बाप काय करतो. हेडमास्तरांची परवानगी घ्या, तिथंच बसून आकडे काढा, नावं आणि जाती उतरवून आणू नका, त्याची गरज पण नसतीय.

कौलांबद्दल वेगळं सांगतो कारण खानापूरची कौलं हे या गावाचं स्वतःचं असं काम आहे. इथली माती चांगली म्हणून कौलांचे आणि विटांचे कारखाने उभे राहिले, खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्था पण इथं आली. मग पत्रा आणि स्लॅब आला आणि कौलाला गिऱ्हाईक कमी झालं. जुन्या घराचं छप्पर उतरवतायत असं कळलं की लगेच जा, मंगलोरी पद्धतीच्या कौलावर कारखान्याचं नाव दाबलेलं असतंय, त्याचा फोटो घ्या, घर कुठलं आणि कधी बांधलेलं ते लिहा. अशी शंभर घरं झाली की कुठल्या कारखान्याचा माल कुठपर्यंत जात होता त्याचा नकाशा तुमच्याकडं तयार. माती कुठनं यायची, भट्टीला लाकूड कुठनं, बायकांना रोज किती मिळायचा, पावसाळ्यात काम बंद असायचं तेव्हा घर कशावर चालायचं, हे कामगारांनाच विचारा, मालकाच्या घरी त्याचं उत्तर मिळणार नाही.

निपाणीकरांनी हेच काम तंबाखूच्या वखारीपासून धरावं. विडी कामगार बायका, १९८१ चं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, आणि त्याच्या कितीतरी आधी १९२५ ला डॉ. आंबेडकर परिषदेला निपाणीत आले होते ते. अथणीकरांनी चामड्याचं काम आणि चपला. प्रत्येक गावाचा असा एक धंदा असतोय ज्याला धरून बाकी सगळं हाताला लागतंय.

दगडांबद्दल थोडक्यात. देवळापुढं वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) किंवा लेख असला तर त्यावर खडू घासू नका, तेल-रंग तर अजिबात नको, जागेवरून हलवू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात फोटो काढला की अक्षर उठून दिसतंय, नाहीतर बाजूनं टॉर्च धरा.

सरकारी ऑफिसात १९५६ नंतरचं बरंचसं कन्नडमध्ये. तालुका कचेरी, पट्टण पंचायत, पहाणीपत्रक, ठराव. तर कन्नड वाचता येणारा मित्र जोडीला घ्या आणि पुस्तकावर त्याचं नाव पण घाला. ठराव बघायला देत नाहीत म्हटले तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाका, काय पाहिजे ते नेमकं साल घालून लिहा, "सगळी माहिती द्या" असं लिहिलं की उत्तर पण तसंच येतंय.

या दोन भाषांच्या गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचंय. मी सीमाप्रश्नावर ठाम आहे, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करायला जातो, १ नोव्हेंबर माझ्यासाठी काळा दिवस आहे. तरी गावाचा इतिहास लिहायला बसलो की त्याच १ नोव्हेंबरला माझ्या शेजारच्या घरात कर्नाटक राज्योत्सव असतो हे लिहायलाच पाहिजे, आणि त्या घरातल्या अज्जांना पण १९५६ चं विचारलंच पाहिजे. महाराष्ट्र एकीकरण समितीनं कितीतरी वर्षं इथनं आमदार निवडून आणले, शाळेच्या माध्यमावरून मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले, हे आपण सविस्तर लिहू, अभिमानानं लिहू. पण कन्नड घरांना गाळून लिहिलेलं खानापूर हे खरं खानापूर नव्हे, आणि आपली बाजू खरी आहे तर तिला अपुऱ्या इतिहासाची गरज पण नाही. रायण्णाचंच बघा, नंदगडच्या समाधीला दोन्ही भाषेचे लोक जातात, २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली तेव्हा हा तालुका कुणाचा असं कुणी विचारत नव्हतं.

सण, यात्रा, भजन, कुस्तीचे आखाडे, कार्तिकी-आषाढीच्या दिंड्या, शिमग्याचे खेळ, चव्हाट्यावरच्या बैठका, यांचं वर्णन करत बसण्यापेक्षा त्याची व्यवस्था लिहा. मान कुणाचा, वर्गणी कशी ठरते, वाद झाला तर कोण मिटवतं, माहेरवाशिणी कधी येतात, मुंबईचे लोक कधी येतात आणि काय देऊन जातात. सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव. शेतकरी पोरं मांडव घालतात आणि अख्खा गाव दिवसभर बसून भाषणं ऐकतो, ही गोष्ट महाराष्ट्रात सांगितली तर लोकांना खरी वाटत नाही. त्याच्या निमंत्रणपत्रिका, स्वागताध्यक्षांची भाषणं जपून ठेवा, इथला माणूस मराठी टिकवायला काय करतोय ते त्यात आहे. बेळगावात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, १९१९ ला बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेला तरुण भारत आहे, तिथं जुने अंक बघायची रीतसर परवानगी मागा आणि तारखांची यादी करूनच जा, नाहीतर जाहिराती वाचण्यातच दिवस जातो. (जाहिराती पण वाचा, पण परत एकदा वेगळं जाऊन.)

वेळ कुठली बघायची? भाताची सुगी झाली की. डिसेंबर ते मार्च. पेरणी-रोप लावणीच्या दिवसांत कुणाच्या दारात वही घेऊन उभं राहू नका, आणि आपल्याकडचा पाऊस, जांबोटीच्या पुढं तर जाता पण येत नाही.

लिहून झाल्यावर एकदम जाड पुस्तक छापायचा नाद नको. तीस-चाळीस पानांची पुस्तिका, एकच विषय, समजा नुसता बाजार किंवा नुसतं स्टेशन. छापण्याआधी कच्चा मजकूर ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवा, खरंच मोठ्यानं वाचून, कारण बऱ्याच जणांना वाचता येत नाही. गणपतीत किंवा हरिपाठ झाल्यावर देवळात वाचलं तर आणखी चांगलं. लोक मधेच थांबवतात, "असं न्हवं, ते दुकान नदीकडच्या बाजूला होतं", "त्याच्या आधी अजून एक मास्तर होते". ते सगळं समासात लिहून घ्या, कोण बोललं ते पण. दोघांचं पटत नसलं तर दोन्ही छापा. पीडीएफ सगळ्यांना मोकळी पाठवा, छापील प्रती तालुक्याच्या वाचनालयात, हायस्कुलांत, बेळगावला आणि ज्या ज्या घरात बसून चहा घेतला त्या प्रत्येक घरात एक. शेवटी दोन कोरी पानं ठेवा आणि तिथं छापा की चुकलेलं आणि राहिलेलं इथं लिहून वाचनालयात आणून द्यावं, दुसरी आवृत्ती त्यावरनंच निघेल.